कप्तानाचा दुसरा हात

ताईंचं हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी त्याचा फोटो उजेडासमोर धरून सगळ्यांना दाखवला होता, आणि ताईंनीही चष्मा चढवून तो बारकाईने पाहिला होता. "हाड छान आहे," असं त्या म्हणाल्या, जणू शेजारणीच्या घराचं कौतुक करावं तसं. मग त्या घरी आल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि बसूनच राहिल्या.

खुर्ची, पलंग आणि न्हाणीघर, तेही कुणाच्या तरी खांद्याला धरून, एवढंच त्यांचं जग उरलं. एक तरुण फिजिओ एक दिवसाआड यायची. ती फार गोड बोलायची, त्यामुळे ताईंना तिचा संशय यायचा.

"आजी, पाय तुमचे ठणठणीत आहेत," ती म्हणायची. "भीती मनात आहे."

"मग मनाला व्यायाम दे. पायांना कशाला छळतेस?"

हे सगळं दारात उभे राहून ऐकत असायचे ते मामा. मामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. वय सत्तरीला टेकलेलं आणि पोट वयाच्याही पुढे निघालेलं, तरी ताईंच्या लेखी ते 'छोट्या' होते. ताईंच्या मुलीने लहानपणी त्यांचा 'छोटूमामा' केला. पुढे सगळ्या इमारतीने त्यातला छोटू गाळला आणि मामा तेवढा ठेवला.

मामा लेखक होते. एका साप्ताहिकात रहस्यकथा लिहायचे. दर आठवड्याला कुणाला तरी कड्यावरून लोंबकळत ठेवायचं, खाली 'क्रमशः' असं लिहायचं आणि निवांत जेवायला बसायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. याच सवयीने लग्नाचंही त्यांनी क्रमशः ठेवलं आणि ते पुढच्या अंकात कधी आलंच नाही. साप्ताहिक बंद पडलं त्या आठवड्यात त्यांची एक नायिका विहिरीत होती. ती अजून तिथेच आहे. तिची आठवण आली की मामांना अपराधी वाटतं, पण छापणार कोण?

ताई त्याच साप्ताहिकाच्या छापखान्यात प्रुफं तपासायच्या. म्हणजे मामांच्या प्रत्येक खुनाच्या पहिल्या साक्षीदार त्याच. लाल पेन्सिल कानावर खोचून त्यांनी किती प्रेतं दुरुस्त केली असतील याला गणती नाही. यजमान गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या. पेन्सिल सोबतच आली.

पडल्या त्या जिन्यात. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना मधल्या वळणावर पाय सटकला. त्या वळणाविषयी ताई घरात एक अक्षर बोलत नसत.

एके दिवशी भाचीचा फोन आला. "छोटूमामा, मी महिनाअखेर येते. आई जिना उतरून फाटकापर्यंत येऊ शकत असेल तर ठीक. नाहीतर मी तिला माझ्याकडे घेऊन जाते. माझं घर तळमजल्यावर आहे, दिवसभराची बाई मिळेल. उद्या पुन्हा काही झालं तर तू तिला उचलणार आहेस का?"

"मी चार पिशव्या एकदम उचलतो," मामा म्हणाले.

"आई पिशवी नाहीये."

भाची समंजस होती, हीच तिच्याशी भांडण्यातली अडचण होती. फोन ठेवून ते खिडकीकडे पाहत राहिले. खिडकीत ताई डुलकी घेत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ही गेली तर आपल्याला छोट्या म्हणणारं जगात कुणी उरणार नाही, मामांच्या मनात आलं, आणि मग आपल्याला एकदम म्हातारं व्हावं लागेल.

आता मामांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती. जागचं न हलणाऱ्या माणसाला पुढचं पान हवंसं वाटायला लावणं. हजारो वाचक त्यांनी असे ओढत नेले होते. काही जण म्हणे अंक हातात पडताच रस्त्यातच उभे राहून वाचायचे. मग एक ताई काय जड आहे?

बेत साधा होता. कथेचा पहिला भाग ताईंच्या हातात द्यायचा आणि दुसरा समोरच्या टेबलावर ठेवायचा. तिसरा स्वयंपाकघरात. असं करत करत कथा जिना उतरून फाटकापर्यंत न्यायची. ताई पाठोपाठ येतीलच.

त्यांनी टेबलाशी बैठक मारली, कानातलं यंत्र काढून खणात टाकलं, कारण लिहिताना त्यांना जग ऐकू आलेलं चालत नसे, आणि सुरुवात केली. सुरुवातीलाच गळ टाकायचा हे त्यांचं जुनं तत्त्व. हवामान, घराणं, नायकाचं बालपण, सगळं नंतर. आधी दार वाजलं पाहिजे.

दार वाजलं. दारात एक हात तुटलेला कप्तान उभा होता. त्याचं जहाज बुडालं त्याच दिवशी गावाने त्याचे अंत्यसंस्कार उरकले होते. क्रमशः.

ताईंनी पानं वाचली, नीट जुळवली आणि मांडीवर ठेवली.

मामा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "पुढचा भाग टेबलावर आहे. हवा असेल तर."

"राहू दे."

"कप्तान जिवंत कसा, हे नाही वाटत जाणून घ्यावंसं?"

"जहाजावर गेलाच नव्हता. कुणीतरी आधीच सावध केलं असणार. माळ्याने केलं. त्या माळ्याला तू उगाच मुका केलास, तेव्हाच कळलं की त्याला काहीतरी ठाऊक आहे."

मामांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. माळ्यानेच केलं होतं.

पुढचे काही दिवस मामांनी पोतडीतलं एकेक काढलं. गोष्ट मधूनच सुरू करून पाहिली. ताई म्हणाल्या, "आधीचं सुचलं नाही वाटतं." एक पात्र नुसतंच 'ती' म्हणून फिरवलं, नाव लपवून ठेवलं. ताई म्हणाल्या, "हिचं नाव लपवलंयस म्हणजे ही कप्तानाची बायको." अंधारात दिवा विझवला. ताई म्हणाल्या, "छोट्या, तुला पुढचं सुचेनासं झालं की तू दिवा विझवतोस. छापखान्यात आम्ही त्याला वीजकपात म्हणायचो."

"तुम्ही सगळे?"

"छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी नाव ठेवलं. मी फक्त हसायची."

मग मामांनी काळजावर दगड ठेवून एक कुत्रं आणलं. गोजिरवाणं, कानाला पांढरा ठिपका असलेलं. ताईंना कुत्र्यांचा फार लळा. भागाच्या शेवटी ते भरतीच्या पाण्यात खडकावर अडकलं आणि पाणी चढू लागलं. पुढचं पान टेबलावर, ताईंच्या खुर्चीपासून अगदी चार पावलांवर.

ताईंनी वाचलं. डोळे थोडे ओले झाले असावेत, पण त्या उठल्या नाहीत.

"तू कुत्र्याला मारायचा नाहीस," त्या म्हणाल्या. "तेवढी तुझी छाती नाही."

मामांची खरोखरच नव्हती. कुत्रं टेबलावर सुखरूप पडलं होतं, कप्तानाच्या पायाशी, टॉवेलात गुंडाळलेलं.

मामांनी हात टेकले. तरी लिहिण्याची सवय काही सुटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुढचा भाग कसाबसा खरडला. ना गळ, ना पेच. कप्तान गावच्या मेळाव्यात जातो, गाणं ऐकतो, घरी येतो. पानं ताईंच्या मांडीवर टाकून ते स्वयंपाकघरात बटाटे सोलायला गेले. पुढचा भाग कुठे ठेवायचा हा प्रश्नच नव्हता, कारण तो लिहिलेलाच नव्हता. कानातलं यंत्र खणातच राहिलं.

बटाटे निम्मे झाले असतील, तोच त्यांना पाठीमागे कुणीतरी असल्यासारखं वाटलं. वळून पाहतात तो दाराची चौकट घट्ट धरून ताई उभ्या. केस विस्कटलेले, एका हातात पानं, कानावर लाल पेन्सिल.

"हाका मारून मारून घसा बसला माझा," त्या म्हणाल्या. ओठांवरून मामांना तेवढं कळलं. "कप्तानाला दुसरा हात कधी फुटला?"

"काय?"

"गाणं संपल्यावर कप्तानाने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. हे बघ. एका हाताचा माणूस टाळ्या कशा वाजवतो? कुणाच्या गालावर?"

मामांनी पानाकडे पाहिलं, मग ताईंच्या पायांकडे, मग पुन्हा पानाकडे. खुर्चीपासून इथवर अख्खी खोली होती आणि पुढे लांबलचक बोळ होता. मध्ये धरायला एक कपाट आणि बाकी नुसती भिंत. आरडाओरडा करावासा वाटत होता, पण आयुष्यभर उत्कंठा विकलेल्या माणसाला कुठे गप्प बसायचं हे कळतं.

"चूक झाली खरी," ते म्हणाले. "बस ना, उभी का?"

ताईंनी मागे बोळाकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कुठे कळलं की आपण कुठे आहोत. त्यांनी चौकट आणखी घट्ट धरली. मामांनी स्टूल पुढे सरकवलं आणि त्यांच्या हातात एक बटाटा दिला. ताईंनी तो मुकाट्याने सोलला. दोघांपैकी कुणीही चालण्याचा विषय काढला नाही.

त्या दिवशी मामांना एक गोष्ट उमगली, जी त्यांना कुणी शिकवली नव्हती. वाचक उत्कंठेने ओढला जातो हे खरं. पण ताई वाचक नव्हत्याच कधी. पुढे काय होणार याचं त्यांना काडीचं कुतूहल नव्हतं. मागे जे झालं ते कुणी विसरता कामा नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

मामा कामाला लागले. जन्मभर ज्या चुकांना घाबरत आले त्या आता मुद्दाम करायच्या होत्या, आणि हे काम त्यांना वाटलं त्याहून फार अवघड निघालं. बारीक चूक ताई पेन्सिलीने जागच्या जागी दुरुस्त करून टाकतील. ढोबळ केली तर संशय येईल. चूक अशी हवी की लेखकाला जाब विचारल्याशिवाय चैन पडू नये, आणि लेखक मात्र हाताशी नसावा.

तळघरात कोंडलेल्या कप्तानाने सूर्यास्त पाहिला. ताई भिंतीला धरून मागच्या गॅलरीत आल्या. "तळघर गच्चीवर होतं का?" मुका माळी झाडांना पाणी घालताना गुणगुणू लागला. मामा तेव्हा समोरच्या बिऱ्हाडात बुद्धिबळ खेळत होते. त्या घराचं दार उघडलं आणि ताई काठी टेकत आत आल्या. "तो मुका आहे ना रे? मग काय हाताने गुणगुणतो?" शेजारी घोडा हातात धरून बघतच राहिले. मामांनी तेवढ्यात त्यांचा वजीर मारला.

फिजिओ चक्रावली. "आजी, कोणता व्यायाम करताय?"

"वाचते," ताई म्हणाल्या.

आता जिना राहिला होता. मामांनी जहाज दुसऱ्यांदा बुडवलं, आधी बुडालेलं तेच, आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर जाऊन बसले. त्याच वळणावर. अंगाखाली थंड फरशी होती आणि मनात धाकधूक.

ताई वरच्या पायरीपर्यंत आल्या. कठडा धरला. खाली पाहिलं. मामांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर कठड्यावरची बोटं पांढरी झाली होती.

"छोट्या, वर ये."

मामांनी कानाकडे बोट दाखवून ऐकू येत नसल्याची खूण केली.

ताईंनी पानांची गुंडाळी केली आणि वरूनच नेमकी त्यांच्या डोक्यावर फेकून मारली. मग त्या वळून आत गेल्या. संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "तिथे बसत जाऊ नकोस. फरशी गार असते."

महिनाअखेर आली. भाची दुपारी पोचणार होती. सकाळी मामा शेवटचा भाग लिहायला बसले. चूक आधीच ठरवून ठेवली होती, आणि ती तोपर्यंतची सगळ्यात सुंदर चूक होती. कप्तान ज्या होडीतून घरी परततो ती होडी त्याने मागच्याच भागात शेकोटीसाठी फोडलेली. ताई हे वाचून गप्प बसूच शकणार नाहीत. अशी चूक सोसणाऱ्या त्या ताई नव्हेत.

मामा लिहू लागले. कप्तान किनाऱ्याने चालत निघाला. कुत्रं पुढे. लांबून घराच्या खिडकीत दिवा दिसला, आणि दिव्याशी कोण बसलं असेल असं कप्तानाच्या मनात आलं. मामांच्याही आलं. चहा गार झाला. वाट संपत आली तसा कप्तान हळू चालू लागला, कारण खिडकीत कुणीच नसलं तर काय, ही भीती त्याला अख्ख्या समुद्राने घातली नव्हती. खिडकीत कुणीतरी होतं. दार आतून उघडलं. मामांनी डोळे पुसले, पानं जुळवली, ताईंच्या हातात दिली, आणि खाली जाऊन फाटकाजवळच्या बाकावर बसले.

ऊन बाकावर चढलं. फाटकातून माणसं आली, गेली. जिन्यात काही हललं नाही. मामा मनातल्या मनात ताईंबरोबर पानं उलटत होते. आता पहिलं पान. आता किनारा. आता होडी येईल आणि ताईंची पेन्सिल थबकेल, आणि मग...

होडी.

मामा बाकावर ताठ झाले. कप्तान चालत आला होता. होडी आलीच नव्हती. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आठवून पाहिलं. तळघर नव्हतं, माळी बोलला नव्हता, टाळ्या वाजल्या नव्हत्या. पहिल्यांदाच एक भाग संपूर्ण निर्दोष उतरला होता, आणि तो आजच. हजारो वाचकांना बुडवणारा माणूस स्वतःच्या पाण्यात बुडून बसला होता. वर ताई समाधानाने शेवट वाचून डुलकी घेत असतील. त्यांना खाली येण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

फाटकाशी टॅक्सी थांबली. भाची उतरली, पाया पडली, इकडेतिकडे पाहिलं.

"आई?"

"येतेय," मामा तिच्या ओठांकडे पाहत म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर वाचकांना दिला होता, पुढे काय लिहायचं हे ठाऊक नसताना.

"मामा, खरं सांग. उतरता येतं का तिला?"

मामांनी तोंड उघडलं. खोटं बोलणं हा त्यांचा पेशा होता, पण भाचीच्या चेहऱ्यावर ताईंचं नाक होतं, आणि त्या नाकासमोर त्यांचं खोटं कधी टिकलं नव्हतं.

"वरच्या पायरीपर्यंत येते," ते म्हणाले. "पुढे नाही."

रागावण्याऐवजी भाचीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच जास्त वाईट होतं. ती बॅग उचलून जिन्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

जिन्यातून काठीचा आवाज येत होता. मामांना तो ऐकू येत नव्हता. त्यांना फक्त भाचीची पाठ ताठ झालेली दिसली. मग अंधारातून आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग दुसरा, आणि मग छातीशी पानं धरलेल्या ताई. धाप लागली होती. मुलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट बाकापाशी आल्या आणि भावाच्या कपाळावर हाताचा पंजा ठेवला.

"ताप तर नाही."

"मला काय झालंय?"

"अख्ख्या भागात एकही चूक नाही, छोट्या. एकही. शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं. म्हटलं, याला काहीतरी झालं. हाका मारल्या, तर यंत्र खणात. खिडकीतून पाहिलं, तर तू बाकावर पोक काढून बसलेला." त्या धपकन त्यांच्याशेजारी बसल्या. "जीव घाबरा झाला माझा."

भाची हळूच म्हणाली, "आई, तू जिना उतरलीस."

"मग काय उडत येऊ?"

मामांना सगळं ऐकू आलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. "म्हणजे मी चुका पेरत होतो ते तुला ठाऊक होतं?"

"कप्तानाच्या टाळ्या तुझ्या होत्या. त्या ओळखते मी. बाकीच्या पेरलेल्या. तुझ्या खऱ्या चुका इतक्या नेटक्या नसतात रे."

"मग येत का होतीस?"

ताईंनी पदराने कपाळ पुसलं. "तू एवढा खपून लिहायचास. मग वाट बघत बसायचास, लहानपणी लपाछपीत बसायचास तसा, पाय बाहेर ठेवून. कुणीतरी शोधायला नको?"

भाचीही बाकावर येऊन टेकली. भाचीने बॅग पायाशी ठेवली होती. तिने ती उघडली नाही, की कुणाचं सामान भरायचं याविषयी काही विचारलंही नाही. काही वेळाने ती म्हणाली, "जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेऊया. मी बोलते सोसायटीशी." मामांनी मान डोलावली. हे वाक्य त्यांनी नीट ऐकलं होतं.

ताई काठी टेकत उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. मामा मागोमाग. आतापर्यंत दाबून ठेवलेला प्रश्न त्यांच्या तोंडून निसटलाच, कारण लेखक सत्तरीचा झाला म्हणून सुधारत नाही.

"पण शेवट कसा वाटला?"

"वर गेल्यावर सांगते," ताई मोठ्याने म्हणाल्या.

"आवडला की नाही, तेवढं तरी."

ताई पायऱ्या चढत राहिल्या, एका पायरीवर दोन्ही पाय जुळवत, सावकाश. मधल्या वळणावर त्या थांबल्या. फरशीकडे पाहिलं, कठड्यावरची पकड बदलली, मग मागे वळून भावाकडे पाहिलं. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू देत नव्हत्या. कानावर मात्र पेन्सिल होती.

"एका जागी मी थोडा वेळ थांबले होते," त्या म्हणाल्या.

"कुठे? कुठल्या जागी?"

ताई पुढच्या पायरीवर होत्या. मामा गुडघ्यांची कुरकुर विसरून पाठोपाठ चढू लागले, आणि भाची दोघांच्या मागे बॅग घेऊन, कुणी पडलंच तर झेलायला हात पसरून, हसू दाबत चालली.